समुद्राच्या पाण्यात युरिया टाकला, तरी बरणी हिरवी का झाली नाही?

भाट्ये_मास्तर
१२ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीने प्रदर्शनासाठी प्रयोग केला आणि त्याचं जे काही झालं ते मला तिला समजावून सांगता आलं नाही. "पुढच्या तासाला सांगतो" म्हणालो होतो, त्याला चार तास होऊन गेले. मुलगी विसरणाऱ्यातली नाही.

प्रयोग असा. भाट्याच्या किनाऱ्यावर, काजळीच्या मुखापासून बरंच दक्षिणेला, भरतीच्या वेळी कंबरभर पाण्यात जाऊन पाणी आणलं. लोणच्याच्या चार काचेच्या बरण्या, प्रत्येकीत एक लिटर. पहिलीत नुसतं पाणी. दुसरीत चिमूटभर युरिया. तिसरीत चिमूटभर युरिया आणि सुपारीएवढा गूळ. गूळ का, तर घरी वडील जीवामृत करतात आणि गुळाने जंतू वाढतात हे तिने पाहिलेलं. चौथीत चिमूटभर सुफला १५:१५:१५, म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅश असलेलं मिश्रखत. तोंडाला फडकी बांधून बरण्या दहा दिवस खिडकीत ठेवल्या.

पहिली होती तशीच राहिली. दुसरी पाचव्या दिवसापासून दुधी झाली, तळाला पांढरा साका बसला आणि फडकं सोडलं की गोठ्यासारखा वास. तिसरी दुसऱ्याच दिवशी गढूळ, चौथ्या दिवशी वर साय आणि वर्गाने नाक धरलं. हिरवेपणाचं नाव नाही. चौथी आठव्या दिवशी हिरवट-तपकिरी झाली, काचेला तशीच कड धरली.

आमचा अंदाज होता की समुद्रात नायट्रोजन कमी असतो, तो दिला की शेवाळं वाढणार. मग युरियाच्या बरणीत का नाही वाढलं? समुद्रातले सूक्ष्मजीव नायट्रोजन नेमका घेतात कसा? आणि आधी हात कोण मारतं? इंटरनेटवर 'सूक्ष्मजीव नायट्रोजन शोषून घेतात' हे एकच वाक्य सगळीकडे फिरताना दिसलं. ते मलाही सांगता आलं असतं.


कलमवाले_काका
१२ मार्च, रात्री १०.१५

समुद्राचं मला कळत नाही, पण तिसऱ्या बरणीत काय झालं ते सांगू शकतो, कारण ते मी जमिनीत करून बसलोय. एका वर्षी हापूसच्या नव्या रोपांच्या आळ्यात न कुजलेला लाकडाचा भुसा भरपूर मिसळला. गिरणीवाल्याने फुकट दिला म्हणून. रोपं महिनाभरात पिवळी पडली. कृषी सहायकाने सांगितलं की भुश्यात कार्बन रग्गड आणि नत्र, म्हणजे नायट्रोजन, जवळजवळ नाही. तो खायला मातीतले जंतू तुटून पडतात आणि स्वतःचं अंग भरायला लागणारं नत्र मातीतूनच ओढून घेतात. झाडाला उरत नाही. तुमच्या बरणीतला गूळ म्हणजे माझा भुसा. फरक इतकाच की भुसा पचायला महिने लागतात, गुळाला एक रात्र पुरते.

बाकी मुलीला शाबासकी द्या. आमच्या वेळी प्रदर्शनात सगळे ज्वालामुखी करायचे.


नमुनाबाटली
१३ मार्च, दुपारी ३.०५

काकांनी निम्मं काम केलं.

सर, मी पूर्वी गोव्यात एका प्रयोगशाळेत चार वर्षं प्रकल्प सहायक होते. काम एकच: समुद्राचं पाणी आणायचं आणि त्यातला नायट्रोजन कोण, किती वेगाने खातंय ते मोजायचं. आता सावंतवाडीला औषधांचं दुकान सांभाळते. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून लांब लिहितेय.

पहिली गोष्ट चिमटीची. तुमचं वाचून मी परसातल्या पोत्यातला युरिया दुकानाच्या काट्यावर चिमटीने घेऊन पाहिला. ०.२, ०.४, ०.३ ग्रॅम. ०.३ धरू. युरियाचा रेणुभार ६०, एका रेणूत नायट्रोजनचे दोन अणू. म्हणजे लिटरभर पाण्यात नायट्रोजन झाला १०,००० मायक्रोमोल (अणू-रेणू मोजायचं माप, मोलचा दहा लाखावा भाग). आता आपल्या किनाऱ्यालगत मार्च-एप्रिलमध्ये वरच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे विरघळलेल्या नायट्रोजनचं एक रूप, असतं किती? बहुतेक वेळा लिटरला एक मायक्रोमोलसुद्धा नाही. पावसाळ्यात तळाचं थंड पाणी वर सरकतं तेव्हा वीसेकपर्यंत जातं आणि आम्ही त्याला श्रीमंत पाणी म्हणायचो. भाजीत चवीपुरतं मीठ घालायचं होतं, पोरीने मिठागर उलटं केलं.

त्यामुळे दुसऱ्या बरणीत जे झालं ते समुद्रात होतं तसं नाही. पण ते फार मजेचं आहे. समुद्रातल्या बऱ्याच जिवाणूंकडे युरिएझ नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते युरिया फोडतं, त्यातून अमोनिया आणि कार्बोनेट सुटतं. गोठ्याचा वास तो हा, गोमूत्रातही हेच घडतं. अमोनियाने पाणी अल्कधर्मी होतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ०.४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतंच. त्याला कार्बोनेट भेटलं की चुना (कॅल्शियम कार्बोनेट) खाली बसतो. तेव्हा तुमचा दुधी रंग जंतूंचा असेल असं मला वाटत नाही, किंवा सगळा तरी नाही. साका चमचाभर काढा, त्यावर पांढरं व्हिनेगर सोडा. बुडबुडे आले आणि विरघळला तर चुना. कराच हे, आणि काय झालं ते इथे लिहा.

हिरवं का झालं नाही? फॉस्फरस. ॲल्फ्रेड रेडफिल्ड या शास्त्रज्ञाच्या नावाने एक प्रमाण प्रसिद्ध आहे: समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या अंगात सरासरी १०६ कार्बनमागे १६ नायट्रोजन आणि १ फॉस्फरस. युरियाच्या बरणीत नायट्रोजन १०,००० आणि फॉस्फरस समुद्रातून जेवढा आला तेवढाच, एखादा मायक्रोमोल असला तर डोक्यावरून पाणी. पंगतीत भाताचा डोंगर आणि आमटी एक पळी. शिवाय इतका मोकळा अमोनिया त्यांना विषच. सुफलात अमोनियम (अमोनियाचं पाण्यातलं रूप) आणि नायट्रेट दोन्ही असतात आणि फॉस्फेटही असतं. पोत्यावरचे आकडे वजनाचे, आणि फॉस्फरसचा तर त्याच्या ऑक्साइडचा; ते सुटे करून अणूंत मोजले तर पाच नायट्रोजनमागे एक फॉस्फरस पडतो, म्हणजे आमटी भरपूर. म्हणून चौथी रंगली. पोटॅशचा त्यात काही वाटा नाही, समुद्रात ते लिटरला ०.४ ग्रॅमच्या आसपास आधीच पडलेलं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, घेतात कसा आणि आधी कोण.

सूक्ष्म वनस्पतीला नायट्रोजन हवा असतो तो प्रथिनं बांधायला, आणि बांधकामाच्या जागी तो अमोनियमच्याच रूपात लागतो. नायट्रेट आत ओढलं तर आधी नायट्रेटचं नायट्राइट, मग त्याचं अमोनियम असं करत आणावं लागतं. पहिल्या पायरीला दोन इलेक्ट्रॉन, दुसरीला सहा, विकरात लोह आणि मॉलिब्डेनम. हा सगळा खर्च सूर्यप्रकाशातून कमावलेल्या पैशातून. अमोनियम मिळालं तर हे काहीच नाही, थेट ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल बनवायच्या कामाला. निवडलेले तांदूळ आणि साळ, एवढा फरक. म्हणून पाण्यात अमोनियम पुरेसं असलं की बऱ्याच जाती नायट्रेटकडे ढुंकून बघत नाहीत. युरिया मधला. फोडायचे कष्ट आहेत पण थोडे. माशांच्या आणि बारीक प्राण्यांच्या उत्सर्जनातून तो समुद्रात शेतीच्या आधीपासून आहे, त्यामुळे तिकडच्या मंडळींना पोत्यातला युरिया काही नवा पदार्थ वाटत नाही.

डायाटम, म्हणजे काचेसारख्या कवचाच्या सूक्ष्म वनस्पती, मात्र नायट्रेटवाले. पावसाळ्यात वर येणारं नायट्रेट ते पेशीतल्या पोकळीत साठवूनही ठेवतात, आमच्याकडे आगोटीची बेगमी करतात तशी. उलट पाणी गरीब असतं तेव्हा बारक्यांचं राज्य. पेशी जितकी लहान तितका आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणजे हात जास्त आणि पोट लहान. पाव मायक्रोमोल अमोनियम ते गोळा करतात, थोरल्यांना तेवढ्याने भागत नाही.

आणि सर्वांत बारके म्हणजे जिवाणू. किनाऱ्याच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख. काकांचा भुसा इथे येतो. जिवाणूच्या अंगात पाच कार्बनमागे एक नायट्रोजन, सूक्ष्म वनस्पतीत साडेसहामागे एक. म्हणजे जिवाणूला अंगाच्या मानाने नायट्रोजन जास्त लागतो. त्याला गूळ दिला तर तो अमोनियम आणि फॉस्फेट बाहेरून ओढतो, शेवाळ्याच्या तोंडचा घास काढतो. त्यालाच मेलेला मासा दिला, तर प्रथिनात नायट्रोजन गरजेपेक्षा जास्त असतो, मग तो उरलेलं अमोनियम पाण्यात सोडतो. जिवाणू तोच. तो पंगतीत बसणार की वाढपी होणार हे ताटात काय पडलंय त्यावर ठरतं. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत जिवाणू फक्त 'विघटन करून पोषकद्रव्यं परत देतात' असं शिकवतात. ते अर्धंच आहे, आणि मला त्याचा राग येतो कारण मीही तेच पाठ करून नोकरीला लागले होते.

दुकानात माणूस आलं. उरलेलं नंतर.


रापणवालो
१३ मार्च, रात्री ८.३०

मास्तरांनु, मी मालवणचो. बाटलीतला माका काय कळणा नाय, पण एक इचारतंय. फेब्रुवारी-मार्चात वारो पडलो की पाण्यार भुसो दिसता. खरोखर लाकूड कापल्यार पडता तसो. तांबूस, भुरो, लांबच लांब पट्टे. दोन दिसांनी कुजाक लागलो की वास सुटता. बापूस म्हणायचो, भुश्यात जाळा टाकू नको, मासळी गावणा नाय. आता ही बाय म्हणता की ह्या दिवसांत पाण्यात खतच नसता. मगे ह्या भुश्याक खत घालता कोण?


खाडीप्रेमी
१३ मार्च, रात्री ९.१०

खत घालणारे आपणच. शेतातला युरिया, शहराचं सांडपाणी सगळं खाडीतून समुद्रात. म्हणूनच तर पावसाळ्यानंतर किनाऱ्याला मासे तडफडत येतात. यात प्रयोग कसले करायचे?


नमुनाबाटली
१४ मार्च, दुपारी २.५०

रापणवाले दादा, तुमचा प्रश्न लाखाचा.

तो भुसा म्हणजे ट्रायकोडेस्मियम, उन्हावर जगणारा एक जिवाणू. एकेक धागा म्हणजे पेशींची माळ, आणि अशा पुष्कळ धाग्यांची जुडी झाली की डोळ्यांना भुश्याचा कण दिसतो. १७७० मध्ये कॅप्टन कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने जात होतं, तेव्हा त्याच्या खलाशांनीही याला समुद्रावरचा लाकडाचा भुसाच म्हटलं होतं. तुमच्या बापसाने आणि त्यांनी एकच शब्द काढला.

त्याला खत कोणी घालत नाही, तो स्वतःचं स्वतः करतो. हवेतला नायट्रोजन पाण्यात विरघळलेला असतोच, पण त्याच्या दोन अणूंमधली गाठ तिहेरी आणि बाकीच्यांना ती सुटत नाही. हा ती सोडवतो. नायट्रोजिनेझ नावाचं विकर त्यासाठी लागतं आणि ते भलतं खर्चिक आहे. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला आठ इलेक्ट्रॉन आणि एटीपीचे (पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे) सोळा रेणू, आणि वर लोह. साध्या अमोनियमपुढे हा धंदा तोट्याचा. म्हणूनच तो पावसाळ्यातल्या श्रीमंत पाण्यात दिसत नाही. पाणी गरीब, ऊन कडक, वारा पडलेला आणि फॉस्फरस थोडाफार असला की बाकीचे उपाशी आणि याची दिवाळी. तो जे बनवतो त्यातलं बरंच बाहेर झिरपतं, मेल्यावर तर सगळंच. मग आजूबाजूच्या बारक्यांना अमोनियम मिळतं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर उलटंही आहे. भुशाला खत कोणी घालत नाही, भुसा बाकीच्यांना घालतो.

खाडीप्रेमी, सांडपाण्याबद्दल तुमचं म्हणणं खाडीपुरतं मान्य. शहराखालच्या खाडीत अमोनियम किती चढतं ते मी स्वतः मोजलंय. पण पावसाळ्यानंतरच्या तडफडणाऱ्या माशांचा सगळा दोष शेतकऱ्याच्या पोत्यावर घालू नका. जून ते सप्टेंबर वाऱ्यामुळे अरबी समुद्राचं खोल पाणी आपल्या उथळ किनाऱ्यावर चढतं. त्याच्यात नायट्रेट भरपूर, पण प्राणवायू मुळात कमी. वरून पावसाचं आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे हवा खाली पोचत नाही. वर शेवाळं माजतं, मरून खाली पडतं, ते कुजताना उरलासुरला प्राणवायू संपतो. गोव्यासमोर कांदोळीच्या किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक वर्षानुवर्षं एकाच जागी जाऊन हे मोजत आलेत. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचं पाणी कुजक्या अंड्यासारखा वास मारतं. हायड्रोजन सल्फाइड. हे माणसाने सुरू केलेलं नाही. २००० साली समुद्रशास्त्रज्ञ नक्वी आणि सहकाऱ्यांचा यावरचा लेख 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, त्यात हा प्रकार वाढत चालल्याचं म्हटलं होतं आणि खतांकडेही बोट होतं. म्हणजे तुमचा संशय अगदी हवेतला नाही. पण मूळ यंत्र निसर्गाचं आहे, आपण फार तर त्यात तेल ओततो.

आणि इथे 'नायट्रोजन घेणं' याचा दुसराच अर्थ सुरू होतो. मास्तर, हे मुलांना जरूर सांगा. आतापर्यंत बोललो ते नायट्रोजन खाण्याबद्दल. प्राणवायू संपला की काही जिवाणू नायट्रेट खात नाहीत, त्याने श्वास घेतात. नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरायचा आणि नायट्रोजन वायू करून सोडून द्यायचा. खाल्लेला नायट्रोजन कोणाच्या तरी अंगात राहतो, आज ना उद्या परत पाण्यात येतो. श्वासात गेलेला हवेत जातो. भुश्याने कष्टाने हवेतून आणलेलं हे लोक परत हवेत उधळतात. वाटेत अर्धवट राहिलं तर नायट्रस ऑक्साइड निघतो, तापमानवाढ करणारा वायू, आणि नक्वींचा तो लेख मुख्यतः त्याबद्दलच होता.

आता मोजायचं कसं ते, कारण तुमच्या विद्यार्थिनीला त्यातूनच पुढचा प्रयोग सुचेल.

साध्या नायट्रोजनचा अणू १४ वजनाचा. निसर्गात दर हजार अणूंत साडेतीन-चार अणू १५ वजनाचे असतात. हा जड नायट्रोजन घातलेलं अमोनियम, नायट्रेट किंवा युरिया विकत मिळतो. पाण्यात आधी जेवढं असेल त्याच्या दहावा हिस्सा एवढंच टाकायचं, म्हणजे तिथल्या मंडळींना पाहुणा आल्याचं कळू नये. मग पारदर्शक बाटल्या डेकवरच्या टबात, वरून वाहतं समुद्राचं पाणी, उन्हासाठी रोपवाटिकेसारखी काळी जाळी. काही तासांनी पाणी काचतंतूंच्या कागदातून गाळायचं, कागद वाळवायचा आणि त्यावर अडकलेल्या जिवांच्या अंगात किती जड नायट्रोजन गेला ते मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणूंची वजनं वेगळी ओळखणाऱ्या यंत्रावर, पाहायचं. डग्डेल आणि गोरिंग यांनी १९६७ मध्ये या पद्धतीवरून एक साधा पण जबरदस्त विचार मांडला: नायट्रेट म्हणजे खालून नव्याने आलेली कमाई, अमोनियम म्हणजे घरातल्या घरात फिरणारा पैसा. कोण किती काय खातं ते कळलं की समुद्र कमाईवर चाललाय की फिरत्या पैशावर ते कळतं.

ऐकायला सरळ. प्रत्यक्षात अमोनियम हा माझ्या आयुष्यातला सर्वांत चिडका पदार्थ. पहाटे चारला होडी सुटायची, तांडेलाला बिडी ओढायची बंदी, कारण धुरात अमोनिया. बाटल्या आम्लाने धुतलेल्या, हातमोजे, बोलताना तोंड बाजूला. एकदा सगळं नीट झालं. संध्याकाळी रंग आणायचं रसायन टाकलं आणि चोवीसच्या चोवीस नळ्या गडद निळ्या. समुद्रात एवढं अमोनियम असतं तर वासाने कोणी किनाऱ्यावर उभं राहिलं नसतं. कारण मीच होते. सकाळी टेबल चकचकीत दिसावं म्हणून काच पुसायचा निळा फवारा मारला होता आणि त्यात अमोनिया होता. साहेब काही बोलले नाहीत, फक्त बाटली उचलून तिच्यामागचं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं.

दुसरी भानगड कागदाची. त्या कागदाची भोकं साधारण ०.७ मायक्रोमीटर धरतात. सूक्ष्म वनस्पती बहुतेक अडकतात. जिवाणू काही अडकतात, काही सुटतात. मग कागदावर जो नायट्रोजन मोजला तो शेवाळ्याने खाल्लेला म्हणायचा की दोघांनी? बरीच वर्षं लोक तो सरळ शेवाळ्याच्या नावावर टाकत होते. आता लेसरच्या उजेडात एकेक पेशी चमकते की नाही ते पाहून हिरव्या पेशी वेगळ्या काढतात, मग वेगवेगळं मोजतात. अशा मोजणीतून किनाऱ्याच्या पाण्यात अमोनियमचा बराच वाटा जिवाणू नेतात असं वारंवार दिसलंय. त्यामुळे "आधी हात कोण मारतं" याचं प्रामाणिक उत्तर असं, सर: ज्याच्याकडे त्या घटकेला कार्बन आहे तो. दिवसा उन्हात शेवाळं स्वतःचा कार्बन करतं, त्याचा हात वर. गूळ पडला की जिवाणूंचा.


उत्तर_समुद्री
१४ मार्च, रात्री ११.२०

ताई, एक भर घालू? मी जर्मनीत शिकतोय, विषय जवळचाच. हवेतला नायट्रोजन घेणारा ट्रायकोडेस्मियम एकटा नाही. १९९८ मध्ये जोनाथन झेर यांच्या गटाला प्रशांत महासागरात नुसत्या जनुकांच्या तुकड्यावरून असाच एक जीव सापडला, दिसला मात्र नव्हता. पुढे कळलं की तो एका चुनखडी कवचाच्या शेवाळाच्या पेशीत राहतो. २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं की तो आता पाहुणा राहिलेलाच नाही. शेवाळाची पेशी दुभंगते तेव्हा तोही दुभंगतो, आणि त्याची काही प्रथिनं यजमानच बनवून देतो. म्हणजे हरितलवकासारखा पेशीचा अवयवच. नाव नायट्रोप्लास्ट. मास्तर, पाठ्यपुस्तकात 'हवेतला नायट्रोजन स्थिर करणं फक्त जिवाणूंनाच जमतं' असं वाक्य असेल तर त्यापुढे पेन्सिलीने एक तारा काढून ठेवा.


भाट्ये_मास्तर
१६ मार्च, रात्री ९.००

ताई, व्हिनेगरची परीक्षा वर्गातच घेतली. साक्याला बुडबुडे आले, भरपूर, आणि तो विरघळला. चुनाच. पण वरचं दुधी पाणी वेगळं काढून त्यात व्हिनेगर टाकलं तर ते कमी झालं, पूर्ण निवळलं नाही. म्हणजे थोडे जंतूही असावेत. मुलीने वहीत "चुना जास्त, जंतू कमी" असं लिहिलंय आणि मला सही मागितली.

पुन्हा करायचा म्हणतेय. चिमूट सोडून काय मापाने टाकावं?


नमुनाबाटली
१७ मार्च, दुपारी ३.३०

सोपं आहे. ०.३ ग्रॅम युरिया लिटरभर पिण्याच्या पाण्यात विरघळवा. हा झाला साठा. त्यातला फक्त एक मिलिलिटर, सुई काढलेल्या सिरिंजने, लिटरभर समुद्राच्या पाण्यात. नायट्रोजन होतो १० मायक्रोमोल, पावसाळ्यातल्या चांगल्या पाण्याएवढा. तसाच दुसरा साठा सुपर फॉस्फेटचा करा, गाळून घ्या. मग एका बरणीत नुसता युरिया, एकीत नुसतं फॉस्फेट, एकीत दोन्ही, एक कोरी. 'दोन्ही'ची एक जास्तीची बरणी काळ्या कागदात गुंडाळून त्याच खिडकीत. अंधारात शेवाळं फार काही करू शकत नाही, म्हणून तिथे जे वाढेल ते बहुतेक जिवाणूंच्या खात्यावर. गूळ घालायचाच असेल तर सुपारी नको, मोहरीएवढा.

एक सांगून ठेवते. या मापाने बरणी डोळ्यांना हिरवी दिसणार नाही. निराश होऊ देऊ नका. पाचव्या-सहाव्या दिवशी प्रत्येक बरणीतलं अख्खं लिटर शाळेच्या गाळणकागदातून गाळा आणि कागदाचा रंग बघा. बारके निसटतील, पण थोरले अडकतील.


भाट्ये_मास्तर
२७ मार्च, संध्याकाळी ६.१५

झालं. गाळायलाच दोन दिवस गेले, मुलं पाळीपाळीने बसली होती. कोरी, नुसता युरिया आणि नुसतं फॉस्फेट यांचे कागद जवळपास सारखे मळकट. काळ्या कागदातल्या बरणीचाही तसाच. 'दोन्ही'च्या कागदावर रुपयाएवढा स्वच्छ गोल उमटलाय. पण रंग हिरवा नाही, चहाच्या डागासारखा तपकिरी. मुलगी म्हणते प्रयोग फसला, हिरवा यायला हवा होता. काय सांगू?


नमुनाबाटली
२७ मार्च, संध्याकाळी ६.२२

डायाटम तपकिरीच असतात, सर. त्यांच्या हिरव्यावर दुसरा रंग चढलेला असतो. कागद उन्हात ठेवू नका, रंग उडेल. वहीत चिकटवायला सांगा आणि शेजारी तारीख, भरतीची वेळ, दोन्ही लिहून घ्या.